रेडिओचा कान पिळायचा की माऊस चालवायचा? हॅम रेडिओत नव्यानं येणाऱ्यांसाठी

रामराम मंडळी. हॅम रेडिओ म्हणजे लायसन्स घेऊन हौसेखातर रेडिओवर बोलायचा छंद. त्याचं लायसन्स हातात पडलं की, आणि बऱ्याचदा पडायच्या आधीच, जो तो एकच विचारतो, "भो, पहिला रेडिओ कोणता घेऊ, नॉबवाला का कॉम्प्युटरवर चालणारा?" जळगाव, अमळनेर, शहादा सगळीकडून हाच प्रश्न येतो. मीही यातूनच गेलोय. आधी लॅपटॉपवर सगळं लावून बसलो, मग सगळं सोडून परत नॉबवर आलो आणि आता दोन्ही वापरतो. यात माझं जवळजवळ एक वर्ष गेलं, ते तुमचं जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय. लांबलंय, पण रेडिओ घ्यायच्या आधी एकदा पूर्ण वाचा.

१. आधी लायसन्स

हे थोडक्यात सांगतो. परीक्षेचं नाव एएसओसी (अॅमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर्स सर्टिफिकेट). दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विंगकडून लायसन्स मिळतं आणि अर्ज सरल संचार पोर्टलवर भरायचा. वय किमान १२ पाहिजे. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (टिंबं-रेघांची भाषा) लागत नाही आणि कॉलसाइन (हवेतलं आपलं नाव) व्हीयू३ ने सुरू होतो, जनरलला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स द्यावा लागतो आणि व्हीयू२ मिळतो. फोटो, सही, ओळखपत्र, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे ना ते अर्ज भरायच्या आधीच तपासा, आपल्याकडे वडिलांचं नाव एका कागदावर असतं आणि दुसऱ्यावर नसतं. लायसन्स येईपर्यंत माइकचं बटण दाबायचं नाही. "फक्त एकदा टेस्ट" म्हणूनसुद्धा नाही.

२. पैसे टाकायच्या आधी दोन्ही बाजू हाताळून बघा

कॉम्प्युटरची बाजू फुकटात बघता येते. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर ब्राउझरमध्ये उघडा. तो खराखुरा रिसीव्हर आहे, तिथल्या अँटेनावर लागलेला आणि जगातल्या कुणालाही घरबसल्या ऐकता येणारा. खाली निळा-पिवळा धबधबा पडताना दिसेल, त्यालाच वॉटरफॉल म्हणतात. जिथं उजेड दिसतो तिथं कुणीतरी बोलतंय. क्लिक करा, माऊसनं ओढा, फिल्टर लहान-मोठा करा. तासभर हे केलं की पडद्यावरून रेडिओ चालवणं म्हणजे काय ते कळतं.

नॉबची बाजू मात्र पडद्यावर कळणार नाही, त्यासाठी कुणाच्या तरी शॅकमध्येच (म्हणजे रेडिओच्या खोलीत) जावं लागेल. मी भुसावळला रेल्वेतून रिटायर झालेल्या एका काकांकडे गेलो होतो. त्यांनी जुन्या रेडिओचा मोठा नॉब माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आधी कानानं ऐक भो, मंग हात फिरव." तो नॉब चांगला जड होता, बोटानं एकदा झटका दिला की स्वतःच्याच वजनावर थोडा पुढे जायचा. वरच्या बाजूला बोट बसेल एवढा खळगा होता, त्यात तर्जनी ठेवून फिरवायचं. चाळीस मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर, एक माणूस बोलत होता आणि आवाज एकदम चिरका, बारीक येत होता. काकांनी डोळे मिटले, नॉब केसभर सरकवला आणि तोच आवाज समोर बसून बोलावं तसा झाला. मला तेव्हा पन्नास हर्ट्झचा फरक म्हणजे काय ते समजलं. आकडा बघून नाही समजलं, ऐकून समजलं.

३. आत काय चालतं ते समजून घ्या, म्हणजे भांडण राहत नाही

बऱ्याच जणांना वाटतं नॉबवाला म्हणजे खरा रेडिओ आणि कॉम्प्युटरवाला म्हणजे खोटा. तसं नाहीये. फार जुन्या रेडिओत नॉब फिरवला की आतली व्हेरिएबल कंडेन्सरची पानं खरोखर फिरायची, तिथं हात आणि फ्रिक्वेन्सी एकमेकांना बांधलेले होते. आजच्या रेडिओत नॉबच्या मागे एन्कोडर असतो, तो फिरला की पल्स सोडतो, आतला प्रोसेसर ते पल्स मोजतो आणि एक आकडा वाढवतो किंवा कमी करतो. बस. कॉम्प्युटरही तोच आकडा बदलतो, फक्त केबलवरून. याला कॅट कंट्रोल म्हणतात, आयकॉमवाले त्यांच्या पद्धतीला सीआय-व्ही म्हणतात. उदाहरण सांगतो, येसू कंपनीच्या हल्लीच्या रेडिओला केबलवरून "एफए००७०७४०००;" एवढी अक्षरं गेली की तो ७.०७४ मेगाहर्ट्झवर जाऊन बसतो. शेवटचं ते अर्धविरामाचं चिन्ह विसरलं तर रेडिओ पुढचं काही येईल म्हणून वाट बघत बसतो. मी टर्मिनलमधून हातानं टाइप करून बघितलं होतं, समोरच्या डायलवर आकडा आपोआप पालटला तेव्हा जो आनंद झाला तो अजून आठवतो.

म्हणजे दोन्ही रस्ते एकाच आकड्यापाशी जातात. फरक आहे तो तुमच्या हातात, कानात आणि घाईच्या वेळी काय सापडतं यात.

४. कोणतं काम हाताला, कोणतं पडद्याला

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. एक कागद घ्या आणि तासभर रेडिओ ऐकताना तुम्ही कशाला किती वेळा हात लावता ते खुणा करून मोजा. मी मोजलं होतं. फ्रिक्वेन्सीला तर मोजता येणार नाही इतक्या वेळा, त्याखालोखाल आवाज, मग आरएफ गेन (रिसीव्हर किती बारीक ऐकतो ते कमी-जास्त करणारा), मग फिल्टरची रुंदी आणि नॉच (मधे येणारी शिट्टी कापणारा). बाकी माइक गेन, कॉम्प्रेसर, पॉवर, सीडब्ल्यूचा (म्हणजे मोर्सचा) टोन हे एकदा लावलं की महिनोन्महिने कुणी बघत नाही.

माझं मत यावरून पक्कं झालं. जे सारखं लागतं आणि जे घाईत लागतं ते नॉबवरच पाहिजे. जे एकदाच लावायचं ते मेनूत असलं काय आणि कॉम्प्युटरवर असलं काय, फरक पडत नाही. रेडिओ घेताना मेगाहर्ट्झ आणि वॅट बघायच्या आधी हे बघा की मेन डायल मोठा आहे का, आवाज आणि आरएफ गेन वेगवेगळे फिरतात का, आरआयटी किंवा क्लॅरिफायर एका बोटावर मिळतो का. आरआयटी म्हणजे समोरचा जरा सरकलेला असेल तर आपली पाठवायची फ्रिक्वेन्सी तशीच ठेवून फक्त ऐकायची सरकवायची. नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर जमलेल्या मंडळींत, दहा स्टेशनं असली आणि त्यातला एक साठ हर्ट्झ वर बसलेला असला की हा नॉब सोनं आहे, माऊसनं ते करेपर्यंत त्याचं बोलून संपतं.

छोट्या रेडिओत, म्हणजे येसूच्या एफटी-८१८ सारख्यांत, जागाच नसते म्हणून बरंचसं मेनूत कोंबलेलं असतं. डोंगरावर न्यायला उत्तम आहेत ते, पण घरी पहिला रेडिओ म्हणून घेतला तर अर्धा वेळ मेनू शोधण्यात जातो.

आता पडद्याची खरी ताकद सांगतो, कारण ती पण तितकीच मोठी आहे. नॉबनं तुम्ही एका वेळी एकच जागा ऐकता. वॉटरफॉलवर चाळीस मीटरचा आपला आख्खा पट्टा, ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ, एका नजरेत दिसतो. आणि आपल्याकडे जो त्रास सगळ्यात जास्त आहे, म्हणजे नॉइज, तो पडद्यावर पकडता येतो. माझ्या बँडवर ठराविक अंतरावर उभ्या धुरकट रेघा दिसायच्या. रेडिओ बॅटरीवर घेतला, लॅपटॉप पण बॅटरीवर, आणि भावाला घरातले एमसीबी एकेक करून पाडायला लावले. तिसऱ्याला रेघा गायब झाल्या. त्या लाइनवर मोबाइलचा एक स्वस्तातला चार्जर रात्रंदिवस लागलेला होता. नुसत्या कानानं ऐकून मला तो सहा महिने सापडला नव्हता. सोलरचे इन्व्हर्टर, रस्त्यावरचे एलईडी, शेतातल्या मोटारींचे स्टार्टर, प्रत्येकाची रेघ वेगळी दिसते आणि सवयीनं ओळखू येते.

२०१६ मध्ये आयकॉमचा ७३०० आला आणि त्यानं हा वाद बराचसा मिटवला, मोठा नॉब पण आहे आणि वॉटरफॉल रेडिओच्याच स्क्रीनवर. आपल्या हैदराबादच्या अशर फरहान यांनी (व्हीयू२ईएसई) बिटेक्सपासून सुरुवात करून पुढे एसबिटेक्स काढला, त्यातही आत रास्पबेरी पाय, समोर टचस्क्रीन आणि तरी फिरवायला नॉब ठेवलेत. स्वतः सोल्डरिंग करायची हौस असेल तर त्यांचं काम जरूर बघा, सगळं खुलं ठेवलंय त्यांनी.

५. पहिला महिना लॅपटॉप लावू नका

हे ऐकायला कुणाला आवडत नाही पण माझं ऐका. पहिला महिना फक्त नॉब. रोज अर्धा तास, शक्यतो पहाटे आणि संध्याकाळी, कारण तेव्हा चाळीस मीटर छान उघडतो. तीन गोष्टींची सवय करा. एक, डिस्प्लेवर हात ठेवून फक्त कानानं समोरच्याचा आवाज नैसर्गिक करायचा, मग हात काढून आकडा बघायचा. दोन, आरएफ गेन कमी करून नॉइज खाली बसवायचा आणि तरी आवाज ऐकू येतो का बघायचं. तीन, दिवा बंद करून आवाज, गेन, नॉच हे तिन्ही नॉब चाचपून सापडतात का. लोडशेडिंग झालं की हे तिसरं आपोआप होतंच.

६. जोडणीसाठी लागणारं सामान

महिना झाला, आता लॅपटॉप. हे जवळ ठेवा:

- यूएसबी केबल, एक मीटरची, दोन्ही बाजूला फेराइटचा गठ्ठा (केबलवर चढणाऱ्या रेडिओ लहरी अडवणारा काळा गोळा) असलेली. लांब केबल घेऊ नका.
- रेडिओत साऊंडकार्ड नसेल तर बाहेरचा इंटरफेस. इथं लोक हमखास फसतात. मागे यूएसबी पोर्ट दिसला म्हणजे आवाज पण त्यातून जातो असं नाही. ७३०० आणि एफटी-९९१ए मध्ये साऊंडकार्ड आत आहे, एफटी-८९१ मध्ये यूएसबी फक्त कंट्रोलसाठी आहे, आवाज वेगळा काढावा लागतो.
- क्लिप करायचे फेराइट चार-सहा.
- १३.८ व्होल्टची सप्लाय. १०० वॅटचा रेडिओ पाठवताना वीसेक अँपिअर खेचतो, ऐकताना साधारण एकच.
- सप्लाय आणि रेडिओच्या मधे हात पोचेल असा एक खटका. हा का, ते आठव्या मुद्द्यात.

बारीकसारीक सामान जळगावच्या गोलाणी मार्केटात फिरलं तरी मिळतं, फेराइट मात्र बहुतेक बाहेरून मागवावे लागतात.

७. जोडणी, क्रमानं

अ) आधी ड्रायव्हर टाका, मग केबल लावा. उलटं केलं तर विंडोज काहीतरी भलताच ड्रायव्हर बसवतं आणि मग ते निस्तरत बसा. वेगळी यूएसबी-सिरीयल केबल घेणार असाल तर नकली चिपवाल्या केबलपासून सावध, विंडोजचा ड्रायव्हर अपडेट झाला की त्या चालायच्या बंद होतात.

आ) डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टचा नंबर बघा. येसूच्या रेडिओत दोन पोर्ट दिसतात, एन्हान्स्ड आणि स्टँडर्ड, कंट्रोलसाठी एन्हान्स्डवाला घ्यायचा.

इ) बॉड रेट (केबलवरून माहिती जायचा वेग) दोन्हीकडे सारखा. रेडिओच्या मेनूत ४८०० आणि सॉफ्टवेअरमध्ये ३८४०० असेल तर काहीच बोलणं होणार नाही आणि एरर वाचून काही कळणारही नाही. माझा आख्खा रविवार यात गेला.

ई) डब्ल्यूएसजेटी-एक्स उघडा (एफटी-८ चं सॉफ्टवेअर; एफटी-८ म्हणजे न बोलता कॉम्प्युटरनं छोटे मेसेज पाठवायची पद्धत), सेटिंगमधल्या रेडिओ टॅबवर मॉडेल आणि पोर्ट निवडा, टेस्ट कॅट दाबा. बटण हिरवं झालं म्हणजे जमलं. आता नॉब फिरवा, पडद्यावर आकडा हलतो का बघा. मग पडद्यावरून बँड बदला, रेडिओ हलतो का बघा.

उ) एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम धरतो. लॉगिंगचं सॉफ्टवेअर मागे उघडं राहिलं असेल तर दुसऱ्याला पोर्ट मिळत नाही. दोघांना मिळून वापरायचा असेल तर मधे ओम्निरिग किंवा एफएलरिग लावा.

ऊ) आवाज. सॉफ्टवेअरमध्ये रेडिओचं यूएसबी कोडेक निवडा, पण विंडोजचा डीफॉल्ट आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवरच ठेवा आणि विंडोजचे सगळे टिंग-टिंग बंद करा. माझ्याकडून हे राहिलं होतं आणि एका मेसेजचा टिंग थेट हवेत गेला. नाशिककडच्या एका ओएमनी (ओल्ड मॅन, हॅम मंडळी एकमेकांना असंच म्हणतात) लगेच फोन करून प्रेमानं सांगितलं. त्यांनी सांगितलं नसतं तर मी तसाच चालवत बसलो असतो.

ए) मोड. चाळीस मीटरवर बोलताना एलएसबी (लोअर साइडबँड), पण एफटी-८ कुठल्याही बँडवर यूएसबी (इथं अपर साइडबँड, केबलचं यूएसबी नाही) किंवा डेटा-यू वरच. हे हमखास चुकतं, आणि मग वॉटरफॉलवर रेघा दिसतात पण डीकोड एकही होत नाही.

ऐ) लेव्हल. स्पीच प्रोसेसर बंद. सॉफ्टवेअरमधला पॉवरचा स्लायडर खाली आणत आणत असा ठेवा की एएलसीचा काटा (रेडिओत जाणारा आवाज जास्त झाला की वर चढणारा) जेमतेम हलेल. काटा वर गेला की तुमचा पन्नास हर्ट्झचा सिग्नल आजूबाजूला पसरतो आणि शेजाऱ्यांचं वाटोळं होतं. पॉवर पण कमी ठेवा, एफटी-८ मध्ये १५ सेकंदांपैकी १२.६४ सेकंद सलग पाठवणं चालतं, बोलण्यासारखा मधे दम मिळत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. मी उन्हाळ्यात २५ वॅटच्या वर जात नाही.

८. लॅपटॉप अडकला तर हात कुठं जाईल?

आता तो खटका. माझी एंड-फेड वायर (एका टोकाला जोडायची अँटेना) होती, तिचं टोक खिडकीतून थेट टेबलाजवळ आलेलं. पन्नास वॅटवर ७ मेगाहर्ट्झला पाठवायला लागलो आणि माऊस थिजला. आरएफ (म्हणजे पाठवत असलेला रेडिओ सिग्नल) यूएसबी केबलवर चढला होता, लॅपटॉपचं रेडिओशी बोलणं तुटलं आणि "आता थांब" हा निरोप रेडिओपर्यंत पोचलाच नाही. लाल दिवा तसाच पेटलेला, रेडिओ पाठवतोय आणि मी माऊस घासतोय. भानावर येऊन केबल उपटली तरी थांबेना, शेवटी टेबलाखाली वाकून सप्लायचं बटण शोधलं. रेडिओची मागची बाजू हात लावता येणार नाही इतकी तापली होती. रेडिओ वाचला, पण त्या दिवशी मी घाबरलो होतो.

मग हे केलं आणि तुम्हीही आधीच करा. अँटेना घरापासून लांब, चाळीस मीटरचा डायपोल, दोन्ही बाजूला साधारण दहा-दहा मीटर वायर, मधलं टोक निंबाच्या झाडावर. फीड पॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथं) कोअॅक्स केबलचे वेढे फेराइट रिंगमधून घेऊन चोक. यूएसबी केबलच्या दोन्ही टोकांना फेराइट. रेडिओच्या मेनूत टीओटी म्हणजे टाइम-आऊट टायमर असेल तर तो लावा. आणि डाव्या हाताला खटका, न बघता सापडेल असा. आणखी एक, काही इंटरफेस सिरीयल पोर्टच्या आरटीएस लाइनवर पीटीटी (पाठवणं सुरू करायचा इशारा) घेतात आणि लॅपटॉप सुरू होताना ती लाइन क्षणभर वर जाते, म्हणून लॅपटॉप पूर्ण चालू झाल्यावरच रेडिओ चालू करायचा.

पाठवणं थांबवायचा एक मार्ग कायम हातानं चालणारा ठेवा. तुम्ही कितीही कॉम्प्युटरप्रेमी असा, यात तडजोड नाही.

९. घड्याळ आणि ग्रिड

२०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी-८ आणला, त्यात सगळं १५ सेकंदांच्या ठेक्यावर चालतं. घड्याळ एखाद-दीड सेकंदाहून जास्त चुकलं की खेळ खल्लास. शेतात नेट नसलं की लॅपटॉपचं घड्याळ सरकतं, डीटीच्या (वेळेतल्या फरकाच्या) रकान्यात सगळ्यांचे आकडे एकाच बाजूला गेलेले दिसले तर चूक तुमची आहे असं समजा. जीपीएसचं डोंगल लावा नाहीतर मोबाइल बघून हातानं जुळवा. लॉग यूटीसीत, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा.

ग्रिड लोकेटर, म्हणजे नकाशावरच्या आपल्या चौकोनाचा कोड, नीट भरा. धुळे, चाळीसगाव एमएल७० मध्ये येतात, भुसावळ आणि नंदुरबार एमएल७१ मध्ये. जळगावकरांनी जास्त काळजी घ्या, २१ अक्षांशाची रेघ शहराला चाटूनच जाते, तेव्हा घराचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर बघूनच भरा.

१०. नॉब नसलेला रेडिओ आधीच घेतला असेल तर

काळा डबा आणि सगळं कॉम्प्युटरवर, असे एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारे रेडिओ) पण असतात आणि ते वाईट नाहीत, ऐकायला तर फारच छान. पण हाताला काहीतरी द्या. आयकॉमचा आरसी-२८ सारखा यूएसबी नॉब मिळतो. स्वस्तात करायचं तर डीजेवाल्यांचा लहान मिडी कंट्रोलर घ्या, बरीच एसडीआर सॉफ्टवेअर त्याची चाकं आणि स्लायडर वापरू देतात. एका चाकावर फ्रिक्वेन्सी, एका स्लायडरवर आवाज, एकावर फिल्टर लावा आणि प्रत्येकावर वेगळ्या जाडीची पट्टी चिकटवा, म्हणजे बोटाला अंधारात कळेल. माऊसचं चाक पण चालतं, पण एक टप्पा किती हर्ट्झचा ते सेटिंगमध्ये लहान करा, बोलणं ऐकताना दहा हर्ट्झ बरा.

११. तोरणमाळला किंवा शेतात नेताना

लॅपटॉपचा पडदा भर उन्हात दिसत नाही, म्हणून मोठं पुठ्ठ्याचं खोकं सोबत घ्या, आत लॅपटॉप ठेवला की वाचता येतं. बॅटरीचा हिशोब आधी करा, रेडिओ ऐकताना थोडंच खातो, लॅपटॉप मात्र सारखा खात राहतो. धूळ तर आपल्याकडे पाचवीला पुजलेली. आवाजाचा नॉब फिरवताना खरखर यायला लागली की कॉन्टॅक्ट क्लिनरचा एक फवारा आणि पंधरा-वीस वेळा इकडून तिकडे फिरवणं, एवढ्यानं बहुतेक वेळा भागतं. एन्कोडर टप्पे गाळायला लागला, म्हणजे पुढे फिरवताना आकडा मधेच मागे जायला लागला, तर तो बदलावाच लागतो. म्हणून प्रवासात रेडिओ जुन्या सुती धोतरात गुंडाळा, नॉबची बाजू वर ठेवा आणि त्याच्यावर शेवभाजीचा डबा ठेवू नका, तेल एन्कोडरमध्ये गेलं की ते निघत नाही.